सरपंचबाईंना नामधारी केले कोणी?

सरपंचबाई सहीपुरत्या, खरा कारभार नवराच बघतो. मग हे आरक्षण हवे कशाला? हा सवाल पारावर होतो, पंचायत समितीच्या व्हरांड्यात होतो आणि सुशिक्षितांच्या बैठकीतही होतो. त्याचे एक मवाळ रूपही आहे : आधी बायकांना शिकवा, तयार करा, मग खुर्ची द्या. मला दोन्ही अमान्य आहेत. दुसरे तर जास्त घातक वाटते, कारण ते कळवळ्याच्या सुरात बोलते आणि म्हणून भल्याभल्यांना पटते.

नवऱ्यांची लुडबुड खोटी नाही. वित्त आयोगाचा निधी खर्च करायचा तर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. त्या सहीचा डोंगल अनेक गावांत बाईंच्या हाती नसतोच. तो मिस्टरांच्या खिशात असतो, नाहीतर संगणक चालकाच्या ड्रॉवरमध्ये, आणि पासवर्डही त्यांनाच पाठ. तालुक्याहून फोन येतो तो मिस्टरांना. मासिक सभेचे प्रोसिडिंग आधीच लिहून तयार असते आणि सहीसाठी घरी पाठवले जाते. हे सगळे खरे आहे. पण यात दोष कोणाचा? खिशात डोंगल ठेवणाऱ्याचा, मिस्टरांचा नंबर फिरवणाऱ्या अधिकाऱ्याचा, प्रोसिडिंग घरी धाडणाऱ्याचा. चोरी झाली म्हणून घरमालकालाच घराबाहेर काढावे, तसला हा न्याय आहे.

आणखी एक विचारतो. आमदाराच्या इशाऱ्यावर चालणारे, ठेकेदार म्हणेल तिथे सही करणारे पुरुष सरपंच कमी आहेत का? कारखान्याच्या चेअरमनला विचारल्याशिवाय साधा ठराव न मांडणारे? त्यांच्यामुळे पुरुषांच्या जागा रद्द करा, असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. पुरुषाची लाचारी त्याची एकट्याची ठरते, बाईची मात्र सगळ्या बाईजातीची.

राहिली तयारीची गोष्ट. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, तेव्हा पंचायतींत महिलांना आरक्षण देणारी ७३वी घटनादुरुस्ती कोसभर दूर होती. ती अंमलात आली १९९३ साली. तरीही १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत संघटनेच्या बायकांनी संपूर्ण महिला पॅनेल उभे करून ग्रामपंचायती जिंकल्या. कोणते प्रशिक्षण शिबिर करून आल्या होत्या त्या? आंदोलनात उतरल्या, सभेत बोलल्या आणि त्यातूनच पुढे झाल्या. पुढारपण असेच येते. ठराव मांडताना, तो पडताना, पुन्हा मांडताना ते अंगी बाणते. पुरुषही असेच शिकले. त्यांना कोणी आधी परीक्षा घेऊन खुर्ची दिली नव्हती.

आणि बाई स्वतःच्या बुद्धीने कारभार करू लागली की काय होते, तेही बघा. त्याच जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावात २०२१ साली एक महिला सरपंच निवडून आल्या. सरकारी जागेवरच्या घरात सासूसोबत राहतात, असा आक्षेप घेऊन त्यांना अपात्र ठरवले गेले. आपण नवऱ्यामुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, हे त्या सांगत राहिल्या. शेवटी सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि एक बाई सरपंचपदी बसून निर्णय घेते हे गावकऱ्यांच्या पचनी पडले नाही, अशा अर्थाचे खडे बोल सुनावले. म्हणजे नवऱ्याचे ऐकले तर नामधारी आणि नाही ऐकले तर अपात्र! बाईने वागावे तरी कसे?

आरक्षणाने काही बदलत नाही, हेही खरे नाही. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा रघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. जिथे प्रमुखपद बाईसाठी राखीव होते, तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झालेला दिसला. ज्यांच्या डोक्यावर हंडा असतो, त्यांचा प्रश्न अजेंड्यावर आला. बंगालमधल्याच पुढच्या अभ्यासात आणखी मोलाची गोष्ट निघाली : जिथे पद लागोपाठ दोनदा राखीव राहिले, तिथे आरक्षण उठल्यावरही बायका जास्त संख्येने उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या.

आपल्याकडे नेमकी इथेच गोची आहे. महाराष्ट्राने २०११ साली आरक्षण ५० टक्क्यांवर नेले, राखीव पदावरच्या महिला सरपंचाविरुद्ध अविश्वास ठरावाला तीन चतुर्थांश बहुमताची अट घातली, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा बंधनकारक केली. हे सगळे उत्तमच. पण सरपंचपदाचे आरक्षण पाच वर्षांनी सोडतीत फिरते. पहिले वर्ष कागद समजण्यात जाते, दुसरे-तिसरे ग्रामसेवकाशी वाद घालण्यात. बाईला पाय रोवता येतात तोवर मुदत सरते आणि पद खुले झाले की घरातलेच म्हणतात, 'आता बास.' म्हणून सरपंचपदाचे महिला आरक्षण एका गावात सलग दोन मुदती ठेवा, ही माझी ठाम मागणी आहे. सोबत डोंगल आणि पासवर्ड सरपंचाच्याच ताब्यात आहे की नाही, याची तपासणी लेखापरीक्षणात होऊ द्या. नातेवाइकांनी ढवळाढवळ करू नये अशी नुसती परिपत्रके काढून भागणार नाही. मिस्टरांना फोन करून कामे उरकणाऱ्या अधिकाऱ्याच्या सेवापुस्तकात त्याची नोंद झाली पाहिजे.