विचारणाऱ्याचा वर्ग

टाचणी पडली तरी ऐकू यावी, अशा वर्गाचे आपण आजवर कौतुक करीत आलो. परंतु ती शांतता एकाग्रतेची की भीतीची, हे आम्ही शिक्षकांनी स्वतःला क्वचितच विचारले. घर सोडून वसतिगृहात आलेले, घराण्यात पहिलेच शिकणारे मूल ‘चुकलो तर हसतील’ या धास्तीने गप्प बसते. गप्प बसलेल्या मुलाचे शिकणेही हळूहळू थांबते.

१९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय उभारले. त्याचा परिसर नागसेनवन झाला आणि महाविद्यालयाला नाव लाभले ‘मिलिंद’. म्हणजे भन्ते नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचे. नागसेनही नुसती उत्तरे देत नाहीत. चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, असे राजालाच विचारून उत्तर त्याच्याच मुखातून वदवितात. अध्यापनाचा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाही.

म्हणून आमचे मत असे की, प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटे मुलांच्या प्रश्नांची असावीत. ‘उद्या शोधून सांगतो’ असे म्हणण्यात शिक्षकाने कमीपणा मानू नये. भेटीस आलेल्या पालकांनी ‘गुण किती’ याआधी ‘काय विचारलेस’ असे विचारावे. माजी विद्यार्थ्यांनी देणगीसोबत अभ्यासिकेत एखादी संध्याकाळही द्यावी.

केवळ परंपरा आहे वा गुरूने सांगितले म्हणून स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तो उपदेश वंदनेपुरता न राहता फळ्यासमोरही पाळला जावा.