काचेवर नक्षी जरूर काढा, पण ॲसिडला हात लावू नका

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या वस्तीतील एका मुलीने काचेच्या पेल्यांवर नक्षी काढून विकायचे ठरविले. चांगला विचार होता. लोणावळ्याला सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांची रीघ लागते; चिक्कीबरोबर घरची एखादी सुबक वस्तूही खपेल, असा तिचा हिशेब. एका दुकानातून तिने नाव-चिठ्ठी नसलेल्या बाटलीतून ॲसिड आणले. दुपारी बोटांवर थेंब उडाले. आग झाली नाही, म्हणून तिने हात फडक्याला पुसला. रात्री मात्र बोटे इतकी ठणकू लागली की दवाखाना गाठावा लागला. बोटे वाचली, पण आम्हांला हा लेख लिहिणे भाग पडले.

भगिनींनो, हे ॲसिड संडास धुण्याच्या ॲसिडसारखे नव्हे. ते काचेच्या बाटलीत राहते. काच त्याला दाद देत नाही. काच खाते ते हायड्रोफ्लोरिक ॲसिड, म्हणूनच ते प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात. अंगावर पडले की ते कातडीतून खोल उतरते आणि शरीरातील कॅल्शियमवर घाला घालते. पातळ असेल तर कित्येक तास काही जाणवतही नाही. नक्षीसाठी मिळणाऱ्या तयार क्रीममध्येही बहुधा याच जातीचे क्षार असतात. कोणाच्या अंगावर पडलेच, तर ताबडतोब भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे, दुखण्याची वाट न पाहता इस्पितळात न्यावे आणि ॲसिडचे नाव डॉक्टरांना सांगावे. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा उपचार करतात.

मग हा उद्योग सोडायचा काय? मुळीच नाही! काच आपल्या मावळाला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी एकेका पैशाची वर्गणी मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून 1908 साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे मुलांना काचकाम शिकविले. पैशापैशाने कारखाना उभा राहतो, तर चार घरे मिळून एक लहान धंदा का उभा राहणार नाही?

ॲसिडवाचून नक्षी निघते ती घासून. साहित्य साधे आहे: फोटो फ्रेमची साधी काच, चिकट प्लॅस्टिक, कार्बन पेपर, ब्लेड आणि रंगारी वापरतात तो 220 नंबरचा काळा वॉटर पेपर. काचेच्या कडा दुकानातूनच घासून आणाव्यात. काच साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी. त्यावर चिकट प्लॅस्टिकचे दोन थर बुडबुडा न राहू देता बसवावेत. कार्बनने नक्षी उतरवून जेवढा भाग पांढरा हवा तेवढाच ब्लेडने कापून काढावा. कडा नखाने दाबाव्यात. आता वॉटर पेपरचा तुकडा खोडरबरावर गुंडाळून, पाण्यात बुडवून, हलक्या हाताने गोल गोल घासावे. घाई करू नये. जोर लावला की प्लॅस्टिक फाटते.

घासताना काच ओलीच ठेवावी. कोरडी धूळ उडून छातीत जाते. हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर करू नये, लहान मुलांना जवळ बसवू नये. पेल्यावर नक्षी काढायची तर बाहेरून आणि ओठ लागतो त्याच्या बरेच खाली. आणखी एक सांगतो: काच ओली असताना नक्षी दिसेनाशी होते. घाबरू नका, वाळली की पांढरी उमटते. म्हणून अधूनमधून पुसून, वाळवून पाहावे आणि मगच प्लॅस्टिक काढावे.

नक्षी कोठून आणायची? पुस्तके कशाला हवीत? मुलांना घेऊन भाजे, बेडसे, कार्ले येथील लेणी पाहून या. पिंपळपानाच्या आकाराची चैत्यकमान आणि कठड्यासारखी वेदिकापट्टी वहीत काढून घ्या. सरळ, ठसठशीत रेषांमुळे कापायला सोप्या. आणि घेणाऱ्याला मावळची आठवणही राहते.

शेवटी हिशेब, कारण आम्ही पडलो कारकून! समजा, 60 रुपयांच्या दहा काचा घेतल्या आणि दोन फुटल्या. तर उरलेली एकेक काच 60 ला नव्हे, 75 ला पडली. त्यात प्लॅस्टिक, वॉटर पेपर आणि आपल्या श्रमाचे तास मिळवा, तेव्हा खरी किंमत निघेल. बाईचे श्रम फुकट धरून केलेला धंदा हा धंदा नव्हे, ती वेठ आहे.

ती मुलगी आता पुन्हा कामाला लागली आहे. तिच्या हाताने निघालेली पहिली चैत्यकमान आमच्या घरात लावली आहे. पैसे देऊन घेतली, हे सांगायला नको.