‘चालत नाही’ म्हणजे नेमके काय?

आपल्या पालघर-बोईसर पट्ट्यातून पूर्वी माणूस परदेशी जायचा तो हज-उमराहसाठी किंवा आखातात नोकरीसाठी. आता मुलांच्या सुट्टीत मलेशिया, दुबई, तुर्कस्तान असेही बेत होतात. चांगली गोष्ट आहे. पण टूर बुक करताना घरातून पहिला प्रश्न येतो तो हाच : ‘जेवण इंडियन आहे ना?’ टूरवाल्यांनाही हे पाठ झाले आहे. उमराहच्या जाहिरातीत हरमपासूनचे अंतर आणि ‘घरच्यासारखे भारतीय जेवण’ या दोन गोष्टी ठळक अक्षरांत असतात. हजारो किलोमीटर जायचे आणि दोन्ही वेळा डाळ-चावल आणि चिकन मसाला खाऊन परत यायचे, हे मला पटत नाही. प्रश्न फक्त चवीचा असता तर हा लेख लिहिला नसता.

ज्यांना साखरेचा त्रास आहे, ज्यांचे पोट नाजूक आहे, त्यांनी सवयीचे जेवण मागितले तर त्यात गैर काही नाही. माझे म्हणणे आपल्यासारख्या तरुणांसाठी आहे. आपण नाही म्हणतो, तेव्हा ते नक्की कशाला म्हणतो?

गेल्या वर्षी आम्ही पाच जण क्वालालंपूर आणि पेनांगला गेलो होतो. मी, माझे मिस्टर, दोन मुले आणि सासूबाई, ज्यांना आम्ही अम्मी म्हणतो. अम्मींचे सगळे आयुष्य चिंचणीत गेले. त्यांच्या बॅगेत लसणाची चटणी आणि खाकऱ्यांची पाकिटे होती. पहिल्या सकाळी नाश्त्याला नासी लमाक आले. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, बाजूला काकडी, शेंगदाणे, अर्धे उकडलेले अंडे, लाल तिखट सांबाल आणि तळलेली बारीक सुकी मासळी. अम्मींनी ताट सरकवले. म्हणाल्या, “आपल्याला हे चालत नाही.”

समोरच्या भिंतीवर जाकिम या मलेशियाच्या सरकारी खात्याचा हलाल शिक्का होता. वाढणारी बाई डोक्यावरून रुमाल घेतलेली, आपल्यासारखीच ‘बिस्मिल्ला’ म्हणणारी. मग काय चालत नव्हते? भात? नारळ? मासळी? या तिन्ही गोष्टी आपल्या किनाऱ्यावर रोज शिजतात. दुसऱ्या दिवशी धाकट्याने दादीच्या तोंडात एक मासळी घातली. अम्मी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “अरे, ही तर सुकी मांदेली!” त्यानंतर त्या बाईकडून सांबालची कृती काढून घेण्यासाठी त्यांनी नातवाला दुभाषी म्हणून कामाला लावले.

मराठीत ‘चालत नाही’ या दोन शब्दांना दोन अर्थ आहेत. एक, धर्माने मना केले आहे. दुसरा, मला सवय नाही. आपण बहुतेक वेळा दुसरा अर्थ मनात ठेवतो आणि पहिल्याचा रुबाब वापरतो. एकदा ‘चालत नाही’ म्हटले की कुणी वाद घालत नाही. मुले ते ऐकतात आणि शिकतात की अनोळखी ते सगळे नापाकच असते.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत एक प्रसंग आहे. प्रेषितांसमोर (स.) ‘दब’ हा घोरपडीसारखा वाळवंटी प्राणी भाजून आणला गेला. तो काय आहे हे कळल्यावर त्यांनी हात मागे घेतला. खालिद बिन वलीद यांनी विचारले की हे हराम आहे का? उत्तर आले की नाही, पण माझ्या लोकांच्या मुलखात हा मिळत नाही, म्हणून मला नकोसे वाटते. खालिद यांनी ते त्यांच्यासमोरच खाल्ले आणि त्यांना कुणी अडवले नाही. हराम आणि अनोळखी यांतला फरक इतका स्पष्ट सांगितलेला असताना आपण तो का पुसतो? नावड असणे हा गुन्हा नाही. आपल्या नावडीला दीनचे नाव देणे मात्र चूक आहे.

याचा अर्थ समोर येईल ते खावे, असा नाही. हलालची काळजी खरी आहे आणि ती घ्यावीच. पण काळजी घेणे म्हणजे विचारणे. मांस कुठले, चरबी कुठली, दारू पडली आहे का, हे तीन प्रश्न तिथल्या भाषेत मोबाइलवर लिहून ठेवले की बरेच काम होते. जपानमध्ये मिरिन नावाची गोडसर दारू स्वयंपाकात सर्रास वापरतात, ती साध्या दिसणाऱ्या रश्शातही असू शकते, म्हणून तिथे विचारायलाच हवे. आपण तर समुद्राकाठचे लोक. मासळी खाणाऱ्याला जगात उपाशी राहायची वेळ सहसा येत नाही. इस्तंबूलमध्ये एमिनोनूच्या धक्क्याजवळ पावात भाजलेला मासा आणि कांदा घालून देतात. डहाणू-तारापूरच्या कुठल्या माणसाला तो परका वाटेल? मक्केत मुतब्बक मिळते, म्हणजे पातळ पोळीत खिमा-अंडे भरून चौकोनी घडी करून भाजलेला पदार्थ. तोच मलेशियात मुर्तबाक होतो. हाजी आणि व्यापारी ज्या समुद्रावरून गेले, त्याच समुद्रावरून पदार्थही फिरले. आपल्या हॉटेलातली डाळ गाठायच्या घाईत आपण त्या दुकानावरून पुढे निघून जातो.

आता हाच शब्द आपल्याच बाबतीत कसा वापरला जातो ते पाहा. काही वर्षांपूर्वी आम्ही बोईसरला भाड्याने घर शोधत होतो. एका घरमालकांना घर दाखवताना आमचे नाव कळले आणि ते म्हणाले, “तुमचं खाणं आमच्यात चालत नाही.” आम्ही काय खातो, हे त्यांनी विचारलेही नव्हते. तुमच्यापैकी अनेकांनी हे वाक्य ऐकले असेल. ऑफिसात डबा उघडताना वळणाऱ्या नजरा ओळखीच्या असतील. न चाखता, न विचारता एखाद्याचे ताट परके ठरवले की ते किती लागते, हे आपल्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही. मग परक्या देशात आपणच दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडतो, ते कसे?

याचे एक उत्तर आमच्या गावच्या मातीतच सापडले आहे. चिंचणीला मिळालेले राष्ट्रकूटकालीन ताम्रपट इतिहासकार दिनेशचंद्र सरकार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या 32व्या खंडात प्रसिद्ध केले. त्यांतला एक शके 848चा, म्हणजे इसवी सन 926चा आहे. त्यात मधुमती नावाच्या अधिकाऱ्याचा उल्लेख येतो. हा ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मदचे संस्कृत रूप. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने संजाणचे मंडळ त्याच्या हाती सोपवले होते. त्याच्या संमतीने एका मठिकेला जमीन दान दिल्याची नोंद या पटात आहे. आणखी एक नोंद आहे. या मुहम्मदने दोन नद्यांवर फुकट तर सुरू केली आणि संजाणला एक अन्नछत्र घातले. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे.

अकराशे वर्षांपूर्वीची ही नोंद मी पुन्हा पुन्हा वाचते. बाहेरून आलेल्या घराण्यातला हा माणूस वाटसरूंना जेवू घालतो आणि ताटात या किनाऱ्याचाच भात वाढतो. हे ताट आपले नाही, असे तो म्हणत नाही. त्याचा दीन त्यामुळे कमी झाला नाही आणि या मुलखाने त्याचे नाव तांब्यावर कोरून ठेवले. आज कुणी तुम्हाला ‘तुम्ही बाहेरचे’ म्हणाले, तर हा ताम्रपट जरूर दाखवा. पण त्याचबरोबर त्यातला धडाही घ्या. दुसऱ्याच्या मुलखात आपली जागा होते, ती त्या मुलखाचे अन्न मान देऊन खाल्ल्याने आणि खिलवल्याने.

म्हणून तरुण मित्र-मैत्रिणींनो, पुढच्या प्रवासात एवढे करून पाहा. दिवसातले निदान एक जेवण तिथले असू द्या. काय मागवायचे ते एकदा मुलांना ठरवू द्या. हलालची चौकशी करा, पण हसून करा. आवडले नाही तर ‘मला सवय नाही’ एवढेच म्हणा, ‘चालत नाही’ म्हणू नका. मुलांसमोर तर अजिबात नको. आणि घरच्या वडीलधाऱ्यांना टोमणे मारू नका. त्यांच्या बॅगेतले खाकरे राहू द्यात. फक्त शेजारी एक छोटी ताटली ठेवा.

टूरवाल्याला जेवणाचे विचारायचेच असेल, तर एवढेच विचारा : तिथले लोक सकाळी काय खातात, आणि ते आम्हाला कुठे मिळेल?