कमाटीबागेतले पाच तास

उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचायची कादंबरी म्हटलं की आपल्यातले बरेच जण नाक मुरडतात. त्यात मैत्री, प्रेम आणि वर टाइम ट्रॅव्हल असेल तर विचारूच नका, ‘टाइमपास’चा शिक्का तयारच असतो. मला मात्र हा प्रकार मनापासून आवडतो. तो मराठीत लिहिला जावा, आणि कथा माझ्या बडोद्यात घडावी असंही वाटतं. का, ते सांगते.

आधी एक चांगला नमुना बघू. यासुताका त्सुत्सुई या जपानी लेखकाची काळात उड्या मारणाऱ्या मुलीची कादंबरी १९६७ मध्ये पुस्तकरूपात आली. २००६ मध्ये मामोरू होसोदा यांनी त्या कल्पनेवर अ‍ॅनिमेशनपट केला. त्यातली माकोतो, तिचे जिवलग मित्र चियाकी आणि कोसुके, रणरणता उन्हाळा आणि बेसबॉल. भूतकाळात उडी मारता यायला लागल्यावर ही मुलगी काय करते? घरात कुणीतरी फस्त केलेलं पुडिंग परत मिळवते, कराओकेचा वेळ वाढवून घेते. चियाकी प्रेमाचं विचारतो तेव्हा मागे जाऊन तो प्रसंगच पुसून टाकते. पण तिने चुकवलेली अडचण दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर जाऊन पडते, हे तिला हळूहळू कळतं. शिवाय उड्या मोजक्याच असतात.

माझ्या मते या प्रकाराचं मर्म इथे आहे. यंत्र कसं चाललं हा प्रश्न दुय्यम. आपण कुठल्या क्षणापासून पळालो आणि त्याची किंमत कुणी मोजली, हा खरा प्रश्न.

मराठीत याची सामग्री काही कमी नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आपल्याला दोस्तीसाठी जिवावर उदार व्हायला शिकवून गेला. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’मध्ये (२००४) आणीबाणीच्या काळातलं नववीतलं प्रेम आहे. जयंत नारळीकरांचे गंगाधरपंत तर थेट पानिपताची लढाई मराठ्यांनी जिंकलेल्या जगात जाऊन पोचले. मैत्री, प्रेम, काळ, सगळं आहे. मला ते एकाच पुस्तकात, एकाच उन्हाळ्यात हवंय.

आणि जागा कमाटीबागच. कल्पना करा, मे महिन्यात उन्हाने वैतागलेले एकोणीस वर्षांचे दोघं, ती आणि तो, बागेतल्या म्युझियममध्ये शिरतात. तिथे देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. तो मासा मही नदीत आला १९४४ मध्ये. दोघं त्याच्याखाली उभे राहून सेल्फी काढतात, वर बघतात, तर सांगाडा गायब! बाहेर येतात तर १९१७ चा सप्टेंबर.

आता इथे एक मोह असतो. आम्हा बडोदेकरांना सयाजीरावांच्या काळाबद्दल सार्थ अभिमान आहे. १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण, १९१० पासून गावोगावी वाचनालयांचं जाळं. त्यामुळे आमच्या काळप्रवाशांनी महाराजांना मुजरा करावा, टांग्यातून राजवाडा बघावा आणि खूश होऊन परत यावं, असं कुणीही लिहील. पण मग ती कादंबरी न होता सहल होईल.

कारण त्याच सप्टेंबरात त्याच बागेत सव्वीस वर्षांचा एक तरुण बसलेला आहे. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून नोकरीसाठी बडोद्यात आलेला. अस्पृश्य म्हणून कुठे राहायला जागा मिळेना, तेव्हा पारशी नाव सांगून तो पारशी धर्मशाळेत राहिला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्याला बाहेर काढलं. डॉ. आंबेडकरांनी हे सगळं पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलं. जमावापेक्षा मला त्यातले दोन मित्र जास्त छळतात. एक हिंदू, मनाने मोठा. पण तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील, एवढं तो बोलून गेला. दुसरा ख्रिस्ती, त्याने बायकोला विचारून सांगतो म्हटलं. ते मूळचं ब्राह्मण घराणं, आणि धर्म बदलला तरी बाईंच्या मनातला विटाळ गेला नव्हता. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट त्या घरातही वाचली जात असणारच. दुपारी चारला तिथून निघून बाबासाहेब रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंत कमाटीबागेत बसून राहिले. पाच तास.

माझ्या कादंबरीतल्या दोघांकडे हेच पाच तास असतील. त्यांना इतिहास बदलता येणार नाही, हा नियम. पण तहान तर लागणारच. तिचं आडनाव ऐकून एखाद्या वाड्याचं दार उघडेल, त्याचं ऐकून उघडणार नाही. आजवर कॅन्टीनमध्ये एका ताटात जेवलेल्या या दोघांमध्ये पहिल्यांदाच उंबरठा येईल. ती आत जाऊन पाणी पिईल, की त्याच्याबरोबर बाहेर थांबेल? आणि ती थांबली, तर ते त्याला प्रेम वाटेल की उपकार?

कुणी म्हणेल, सुट्टीच्या पुस्तकात कशाला एवढं जड? पण ही मुलं हसतील, भांडतील, १९१७ मध्ये मोबाइलला नेटवर्क शोधतील! ‘शाळा’ वाचताना आपण हसलोच की, आणि तरी शेवटी घशाशी काहीतरी अडकलंच. शिवाय हा प्रश्न १९१७ मध्ये संपलेला नाही. आजही खोली भाड्याने बघायला गेलं की भाड्याच्या आधी आडनाव विचारलं जातं. आपल्याच ग्रुपमधल्या एखाद्याला नकार मिळतो, आपल्याला मिळत नाही, आणि आपण सही करून चावी घेतो.

म्हणून मला ही प्रेमकथा हवी आहे. तिच्यातला सगळ्यात अवघड प्रसंग १९१७ मध्ये नसेल, तो परत आल्यावर येईल. ती त्याला घरी जेवायला बोलावते, तेव्हा आईला आधी विचारून सांगते म्हणते की नाही? ते दोन मित्र वाईट नव्हते. त्यांनी फक्त निर्णय दुसऱ्यावर ढकलला. तेवढं पुरतं एखाद्याला बागेत बसवायला.

मंडळात कथा लिहिणारे पुष्कळ आहेत. सुट्टी लागतेच आहे. कुणीतरी लिहायला घ्या.