माठाला घाम का फुटतो?

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याचा विषय काढला म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. आमच्या परभणीत उन्हाळा हा घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यासारखा आहे; तो गावी गेला तरी त्याचा विषय निघाल्यावाचून राहत नाही.

मुंबईचे आमचे मेव्हणे मे महिन्यात आले की माठातले पाणी पिऊन हटकून म्हणतात, "अहो, तुमच्याकडची मातीच वेगळी!" मातीला हे श्रेय फुकट मिळते. खरे कर्तृत्व पाण्याच्या रेणूंचे आणि इथल्या कोरड्या हवेचे.

बर्फात हे रेणू पंगतीला बसलेल्या मंडळींसारखे, जागा न सोडता नुसते थरथरतात. पाण्यात ते जत्रेतल्या गर्दीसारखे एकमेकांना धरून पण सरकत हिंडतात. वाफेत कोणी कोणाला बांधलेला नाही. आता जत्रेत सारेच काही एका वेगाने चालत नाहीत! माठातून झिरपलेल्या पाण्यातले जे सर्वांत चपळ, तेच सोबत्यांची ओढ तोडून हवेत निसटतात. मागे उरतात ते मंदगती. आणि रेणू मंदावणे म्हणजेच पाणी गार होणे. एक लिटर पाणी उडून जाताना इतकी उष्णता नेते की तेवढ्यात सुमारे 58 लिटर पाणी 10 अंशांनी थंड व्हावे. (बाहेरची उष्णता आत शिरत राहते, म्हणून प्रत्यक्षात इतके साधत नाही.) मुंबईची हवा दमट. तिथे निसटलेल्यांपैकी पुष्कळांची जागा हवेतून परतणारे रेणू भरून काढतात.

दरसाल नवा माठ आणायचा हा आमच्या मातुःश्रींचा दंडकही त्यामुळेच मला पटतो. जुन्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजतात.

परंतु हा गारवा देणारा व्यवहार जिल्ह्याच्या मुळावरही येतो. माठ आपण पुन्हा भरतो. पूर्णेवरचे येलदरी धरण पावसावाचून कोण भरणार? 2016 च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे कोण विसरेल? त्या वर्षापासून आमच्या घरी माठ लागेल तेवढाच भरतात आणि साठवणीचे पाणी तांब्याच्या हंड्यात झाकून ठेवतात. तांब्यातून पाणी झिरपत नाही, झाकणाखालून रेणूही फारसे निसटत नाहीत.

तलावाला झाकण कसे घालावे? 1950 नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात सेटिल अल्कोहोल नावाचा मेणासारखा पदार्थ जलाशयांवर पसरून पाहिला. त्याची साय अवघ्या एका रेणूच्या जाडीची! रेणू खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि पाण्याची वाट अडवतात. 1960 च्या सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही अशा पदार्थांवर संशोधन झाले. अडचण एकच, वाऱ्याची. वारा सुटला की ही साय फाटून काठाला जमा होते.

तेव्हा शेततळे खणणाऱ्यांनी ते पसरट करण्यापेक्षा खोल करावे, असे माझे मत आहे. रेणू निसटतात ते पृष्ठभागावरून; तळाशी असलेल्यांना आधी वर यावे लागते.