चिपमधली हजेरी



रजिस्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? बाईंच्या टेबलावरचं हजेरीचं रजिस्टर, हो ना? आज मी तुम्हाला वेगळ्याच रजिस्टरची गोष्ट सांगणार आहे. हे कागदाचं नसतं. ते चिपच्या पोटात असतं. त्यात बहुधा 32 घरं असतात आणि प्रत्येक घरात फक्त 0 किंवा 1 मावतो. बस्स, एवढंच!

त्याचं झालं असं, मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा घरी आला. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या पिशवीत झेडबोर्ड नावाचा एक बोर्ड होता. त्यावर ओळीने आठ छोटे एलईडी दिवे आणि काही बटणं. "मावशी, संध्याकाळपर्यंत हे दिवे माझ्या प्रोग्रॅमने लावून दाखवतो," तो ऐटीत म्हणाला. सुट्टीनंतर त्याला हाच प्रकल्प परीक्षेत दाखवायचा होता.

आधी बोर्डाची ओळख करून घेऊ. त्याच्या मधोमध झिंक नावाची चिप आहे. (जस्त नव्हे हं!) झायलिंक्स कंपनीने ही मालिका 2011 मध्ये जाहीर केली. 2022 पासून ती कंपनी एएमडीच्या मालकीची आहे. या चिपमध्ये दोन शेजारी राहतात. एक प्रोसेसर. तो प्रोग्रॅममधल्या सूचना वाचतो आणि पाळतो. दुसरा एफपीजीए, म्हणजे फील्ड प्रोग्रामेबल गेट अ‍ॅरे.

नाव लांबलचक आहे, पण कल्पना सोपी. साध्या चिपमधलं सर्किट कारखान्यात जसं बनतं, तसंच ते जन्मभर राहतं. एफपीजीएमध्ये मात्र छोटे छोटे ठोकळे असतात आणि ते कसे जोडायचे हे आपण ठरवतो. मेकॅनोच्या तुकड्यांची आज क्रेन केली, उद्या मोटार केली, तसं! 1985 साली आलेल्या पहिल्या एफपीजीएमध्ये असे फक्त 64 ठोकळे होते. आता हजारोंनी असतात. झिंकमधल्या या शेजाऱ्याची एक खोड मात्र लक्षात ठेवा. वीज गेली की तो आपलं सर्किट साफ विसरतो. ते पुन्हा भरावं लागतं. ही खोड पुढे आपल्याला भोवणार आहे!

आता गंमत पाहा. त्या आठ दिव्यांच्या तारा प्रोसेसरकडे जातच नाहीत. त्या जातात एफपीजीएकडे. मग प्रोसेसरने दिवा लावायचा कसा? त्याला तर दोनच गोष्टी येतात: एखाद्या पत्त्यावर आकडा लिहिणं आणि एखाद्या पत्त्यावरचा आकडा वाचणं.

पण तेवढ्यावरच काम भागतं. या प्रोसेसरला 429 कोटींहून जास्त पत्ते ठाऊक असतात. काही पत्ते मेमरीचे असतात, तर काही एफपीजीएला दिलेले असतात. आपल्या पिनकोडसारखंच आहे हे. पहिला आकडा 4 असला की टपालखात्याला कळतं, पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडचं. झिंकमध्ये पत्ता आठ खुणांचा असतो. पहिली खूण 4, 5, 6 किंवा 7 असली की निरोप एका ठरलेल्या दाराने एफपीजीएकडे जातो. भाच्याच्या दिव्यांचं रजिस्टर होतं 41200000 या पत्त्यावर. त्याच्या पुढे चार घरं सोडून दुसरं रजिस्टर. पहिल्यात दिव्यांचे आकडे लिहायचे. दुसऱ्यात वाट आत येणारी की बाहेर जाणारी ते सांगायचं. 0 लिहिलं की बाहेर जाणारी.

भाच्याने प्रोग्रॅममध्ये तो पत्ता घातला आणि प्रोग्रॅम चालवला. झालं! बोर्डावरच्या लिनक्सने प्रोग्रॅमच बंद पाडला. का बरं?

याचं उत्तर शाळेत सापडतं. तुमचा हजेरी क्रमांक 7 असतो. तिसरीतही एक 7 नंबर असतो, चौथीतही असतो. हा नंबर फक्त त्या वर्गापुरता. पण शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाचा एकच पक्का क्रमांक असतो. लिनक्स तसंच करतं. प्रत्येक प्रोग्रॅमला तो वर्गापुरते क्रमांक देतो, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या जागेत ढवळाढवळ करू नये. भाच्याने लिहिला होता पक्का क्रमांक, आणि लिनक्स म्हणालं, "या नंबरचं तुझ्या वर्गात कोणी नाही!"

मग मुख्याध्यापकांची परवानगी काढावी लागते. लिनक्समध्ये डेव्ह-मेम नावाची खास फाइल असते. ज्याच्याकडे बोर्डाचे सगळे अधिकार आहेत, त्यालाच ती उघडता येते. ती उघडून एम-मॅप नावाची विनंती करायची: "या पक्क्या पत्त्याला माझ्या वर्गातला क्रमांक दे." लिनक्स 4096 बाइटांचं एक पूर्ण पान जोडून देतं. भाच्याने तसं केलं, रजिस्टरमध्ये 1 लिहिला आणि पहिला दिवा लागला! 2 लिहिल्यावर दुसरा, 4 लिहिल्यावर तिसरा. 5 लिहिल्यावर? 4 आणि 1, म्हणून पहिला आणि तिसरा. 255 लिहिल्यावर आठही दिवे लखलखले. घरात दिवाळीच!

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मुलांना गोळा करून भाच्याने बोर्ड सुरू केला. आधी रजिस्टरमध्ये काय आहे ते वाचायला सांगितलं, आणि बोर्ड गप्प! नुसता प्रोग्रॅम नाही, अख्खा बोर्ड. कळफलक बडवला, तरी हूं नाही की चूं नाही. शेवटी वीज बंद करून पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. मुलं हसून निघून गेली आणि भाचा रडकुंडीला आला. बोर्ड जळला की काय!

बोर्ड ठणठणीत होता. ती खोड आठवते ना? रात्री वीज बंद केली होती, तेव्हा एफपीजीए आपलं सर्किट विसरून बसला होता. पत्ता तोच, पण त्या पत्त्यावर कोणीच राहत नव्हतं. प्रोसेसरने विचारलं, "आकडा काय?" आणि तो उत्तराची वाट बघत बसला. बाईंनी गैरहजर मुलाचं नाव पुकारावं आणि "हजर" ऐकू येईपर्यंत पुढचं नावच घेऊ नये, तसं! आधी सर्किट भरलं, मग प्रश्न विचारला, तसा बोर्ड मुकाट्याने बोलू लागला.

आणखी एक चकवा राहिला होता. बटण दाबेपर्यंत थांब, असं भाच्याने प्रोग्रॅमला सांगितलं. बटण दाबलं तरी प्रोग्रॅम थांबलेलाच. प्रोग्रॅमचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर जरा जास्तच हुशार असतो. त्याला वाटलं, हा आकडा मी एकदा वाचलाय, मी स्वतः बदललेला नाही, मग पुन्हा कशाला वाचू? मुलांनो, सकाळी हजेरी घेतली, मधल्या सुट्टीत पोट दुखतं म्हणून एक मुलगा घरी गेला, तर सकाळचं पान बघून तो वर्गात आहे म्हणता येईल का? बटणाचं रजिस्टर बाहेरून बदलतं. म्हणून सी भाषेत त्याच्यापुढे 'व्होलटाइल' हा शब्द लिहायचा. म्हणजे, दर वेळी नव्याने वाच.

हे सगळं नुसतं दिवे लावायला नाही बरं का. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 30 तबकड्या, प्रत्येक 45 मीटर व्यासाची. आकाशातून येणारे संकेत हाताळायला तिथल्या सुधारित यंत्रणेत एफपीजीएचे बोर्ड बसवले आहेत. तिथेही सॉफ्टवेअर असंच रजिस्टरांत आकडे लिहून सर्किटाला कामं सांगतं.

पालकांनाही एक सांगते. मुलाचं यंत्र अडलं की लगेच "मोडलंस ना!" म्हणू नका. भाच्याची प्रत्येक अडचण त्याला एकेक नवी गोष्ट शिकवून गेली. प्रकल्पाच्या वहीचं पहिलं वाक्य त्याने लिहिलंय: 'आधी सर्किट भरा, मग वाचा.'

आता तुमच्यासाठी कोडं. आठ दिव्यांपैकी पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा लावायचा आहे. रजिस्टरमध्ये कोणता आकडा लिहाल? आणि उरलेले चार लावायला? दोन्ही उत्तरांची बेरीज 255 आली, तर स्वतःच आपली पाठ थोपटून घ्या!