सिंह रीस्पॉन होत नसतो

‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’मध्ये ग्रीसच्या डोंगरात सिंह अंगावर धावून आला की आपल्याकडचे बरेच गेमर हसतात. ग्रीसमध्ये कुठला आलाय सिंह? आधीच्या ‘ओरिजिन्स’साठी इजिप्तमध्ये वापरलेलं मॉडेल उचलून इथे चिकटवलं असणार! हा विनोद मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, डिस्कॉर्डवर, लाइव्ह स्ट्रीमच्या चॅटमध्ये इतक्यांदा ऐकलाय की आता त्याचा समाचार घ्यायलाच हवा. त्या गेममध्ये सिंहाबाबत चूक आहे, चांगली मोठी आहे. पण तुम्ही दाखवता ती नाही.

गेमची सुरुवात थर्मोपिलीच्या लढाईने होते. साल इ. स. पू. ४८०. लिओनायडसच्या समोर उभी ठाकलेली झर्क्सिसची फौज तिथे पोचण्याआधी उत्तर ग्रीसमधून आली होती. हेरोडोटस लिहितो की त्या वाटेवर रात्री सिंह डोंगरातून उतरायचे आणि फौजेतले नेमके उंटच मारायचे. माणसांना आणि बाकीच्या जनावरांना हात लावायचे नाहीत. त्याचं त्यालाही नवल वाटलं होतं, कारण त्या सिंहांनी उंट कधी पाहिलाच नव्हता. सिंह कुठवर सापडतात, हेही त्याने सांगून ठेवलंय: पूर्वेला नेस्टॉस नदी, पश्चिमेला अखेलूस, त्यांच्या मधल्या टापूत. पुढे अॅरिस्टॉटलनेही हाच टापू सांगितला. ग्रीसमधल्या उत्खननांत सिंहाची हाडंही मिळाली आहेत.

म्हणजे गेममध्ये सिंह आहेत हे बरोबर. हरकत घ्यायचीच तर जागेवर घ्या. गेमचा काळ इ. स. पू. ४३१ च्या आसपासचा आणि नेमियाचा प्रसिद्ध सिंह आहे दक्षिणेला, पेलोपोनीजमध्ये, म्हणजे हेरोडोटसच्या टापूबाहेर. तो पुराणकथेतून आलाय. पण ही हरकत घ्यायला वाचावं लागतं. हसायला काही लागत नाही.

आपण हसतो, कारण आज जिथे जे दिसत नाही ते तिथे कधी नव्हतंच, असं आपण धरून चालतो. याचं उलटं टोकही तितकंच फसवं आहे. मी राहतो त्या माणपासून तास-दीड तासावर कार्ल्याची लेणी आहेत. चैत्यगृहाच्या दारात एक उंच खांब आहे, माथ्यावर चार सिंह. गोतीपुत्र अग्निमित्रणक नावाच्या महारठीने तो दान दिला आणि लेखात त्याला सिंहस्तंभच म्हटलंय. मग उद्या कुणी सातवाहनांवर गेम काढला, तर मावळात सिंह सोडायचे का? माझ्या मते नाही. भारतातला सिंह साधारण नर्मदेच्या उत्तरेचा. कार्ल्याचा सिंह बुद्धाच्या, शाक्यसिंहाच्या, खुणेचा आहे. तो शिल्पपरंपरेतून आलाय, समोरच्या रानातून नव्हे.

आपली भाषाही हेच सांगते. सह्याद्रीत वाघोबा आहे, वाघजाई आहे. सिंहोबा कुठे ऐकलाय? आडनावं बघा: वाघ, वाघमारे, लांडगे, कोल्हे. सिंहमारे कुणी नाही. ज्या जनावराशी गाठ पडायची, त्याला लोकांनी देव केलं, आडनावात घेतलं. सिंह आपल्याकडे आला तो देवीचं वाहन म्हणून, नरसिंह म्हणून, कोंढाण्याच्या नव्या नावात. हे सगळं बघून सिंह ठेवायचा की काढायचा ते ठरवावं. याला अचूकता म्हणतात.

आता गेमच्या खऱ्या चुकीकडे येतो. तिथला सिंह दिसला की हल्ला करतो. तुम्ही तो मारता, कातडं घेता, त्यावर गिअर अपग्रेड करता, नकाशावर दुसरीकडे फिरून येता. त्याच जागी पुन्हा सिंह हजर. शंभर मारा, शंभर येतील. कोड लिहून पोट भरणारा माणूस म्हणून मला हे समजतं. जागा आणि टायमर ठरवून दिला की काम झालं, कुठला हिशेब ठेवायला नको. पण इतिहासाच्या नावाने विकलेल्या गेममधलं हे सगळ्यात मोठं खोटं आहे. कारण ग्रीसचा सिंह रीस्पॉन झाला नाही. तो संपला. तो कसा संपला हे सांगायची नामी संधी या गेमकडे होती, कारण शिकारी खेळाडूच होता.

‘गेममध्ये एवढं कोण करणार?’ असं म्हणू नका. ‘ओडिसी’ आला ऑक्टोबर २०१८ मध्ये. त्याच महिन्यात ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ आला. त्यात कॅरोलिना पॅराकीट नावाचे पोपट मारत सुटलात, तर ते कायमचे संपतात आणि गेम तुम्हाला तसं सांगतो. म्हणजे तंत्र होतं. इच्छा नव्हती.

आणि त्याच सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये, इकडे गीरच्या दलखाणिया रेंजमध्ये वीसहून अधिक सिंह मेले. कुत्र्यांमधल्या डिस्टेंपर विषाणूची लागण निघाली. आशियाई सिंह जंगलात उरलाय तो एकट्या गुजरातमध्ये. २०२० मध्ये ६७४, २०२५ च्या गणनेत ८९१. आकडा वाढला याचं श्रेय गुजरातला द्यायलाच हवं. पण सगळा डेटा एकाच सर्व्हरवर ठेवून बॅकअप न घेणाऱ्याला आपण काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये हाच बॅकअप घ्यायला सांगितलं होतं: काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवा, सहा महिन्यांत. त्यासाठी कुनोतली २४ गावं आधीच उठवली होती. आयटी पार्कला जमिनी दिलेल्या माणमध्ये राहून ‘गाव उठवणं’ हे शब्द मला तरी सहज लिहिता येत नाहीत. सिंह आजतागायत आलेले नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे नामिबियाचे चित्ते उतरले, कॅमेऱ्यांसमोर. ज्यांच्यासाठी गावं उठली ते आपल्या सरकारांच्या अस्मितेत अडकलेत.

याचा माझ्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर तुमच्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडा. आमच्या ग्रुपवर बिबट्याचा एखादा अंधुक व्हिडिओ आला, तो कुठला, कधीचा हे कुणाला माहीत नसलं, तरी तिसऱ्या मेसेजला कुणीतरी ‘गोळी घाला’ लिहितो. जुन्नरच्या उसात बिबट्यांनी माणसं मारली आहेत. तिथल्या शेतकऱ्याची भीती खरी आहे आणि तिला उत्तर द्यायलाच हवं. पण अकराव्या मजल्यावरून गोळी मागणाऱ्याची भीती कुठून आली? जनावर म्हणजे लाल पट्टी, संपवली की एरिया क्लिअर, असं आपण वर्षानुवर्षं अंगठ्याने गिरवलंय. गेममुळे कुणी बंदूक उचलत नाही, हे मला मान्य आहे. पण मारलेलं जनावर परत येतंच, ही सवय मात्र लागते.

तेव्हा खुशाल खेळा, मीही खेळतो. अचूकतेवरून भांडायचंय तर जरूर भांडा. फक्त ‘इथे सिंह कसा?’ एवढ्यावर थांबू नका. ‘इथला सिंह गेला कसा?’ हे विचारा, गेम बनवणाऱ्यांना आणि तेरा वर्षांपूर्वीचा निकाल गुंडाळून ठेवणाऱ्यांनाही.